निम्मे इकडे, निम्मे तिकडे

माणसाला वेळ वाचवायचा असतो. कशासाठी, हे ठरवायला मात्र त्याच्याकडे वेळ नसतो. जगाचा कारभार याच तत्त्वावर चालतो. दोन हजार सहा साली आमच्या घराचाही चालू लागला.

त्या साली माझा मुलगा विमा कंपनीच्या जोखीम विभागात होता. कोणाचं काय कधी मोडेल, जळेल किंवा बुडेल, याचा आधीच अंदाज बांधणं हे त्याचं काम. त्यात तो फार हुशार होता. (घरी आल्यावर तो ऑफिसचं काम करत नसे.)

त्याचे वडील जाऊन तेव्हा काही वर्षं झाली होती. यांना टेपरेकॉर्डरचा नाद. नळ दुरुस्त करताना, मुलाकडून पाढे म्हणून घेताना, माझ्याशी भांडतानासुद्धा यंत्र चालू. त्या कॅसेटी बुटांच्या खोक्यात ठेवलेल्या असत. दुपारची आवराआवर झाली की मी एक लावायची. फीत गुंतली तर पेन्सिल घालून गुंडाळायची. त्याला वेळ लागे, पण मला तरी कुठली गाडी पकडायची होती?

मुलाला माझी ही दुर्दशा बघवेना. "आई, कुठल्या काळात राहतेस तू? सगळं कॉम्प्युटरवर घेतो. एक क्लिक केलं की बाबा हजर!"

(बाबा हयात असताना हाक मारल्यावर इतक्या लवकर कधी हजर झाले नव्हते. विज्ञानाची प्रगती ती हीच.)

आता आमचा कॉम्प्युटर हळू आहे अशी घरात कोणाचीच तक्रार नव्हती. पण मुलाच्या ऑफिसातल्या एकाकडे जास्त वेगवान होता, आणि अशा अपमानावर इलाज करावाच लागतो. म्हणून दोन सारख्या हार्ड डिस्क आल्या. दोन्ही मिळून एकच डिस्क भासवायची आणि प्रत्येक फाइलचे बारीक तुकडे करून एक हिच्यावर, पुढचा तिच्यावर, असे आळीपाळीने ठेवायचे, अशी ती योजना. मुलाने मला आणि सुनेला समोर बसवून ती समजावली.

"समजा, एक पुस्तक आहे. एक पान आई वाचते, पुढचं तू. दोघी एकदम वाचताय, म्हणजे निम्म्या वेळात पुस्तक संपलं!"

"आणि गोष्ट कोणाला कळली?" सुनेने विचारलं.

"तुला खोड काढल्याशिवाय राहवत नाही का गं?"

मी म्हटलं, "पण दोन आहेत ते बरं. एक बिघडली तर दुसरीवर असेलच की सगळं."

"नाही गं आई, ती वेगळी पद्धत. तिच्यात दोन्हींवर तेच ते ठेवतात. निम्मी जागा फुकट!"

"मग हिच्यात एक बिघडली तर?"

"कोऱ्या करकरीत आहेत. बिघडायला काय धाड भरलीय त्यांना?"

हे उद्गार जोखीम विभागाचे, हे वाचकांनी ध्यानात घ्यावं. या पद्धतीला तिच्या जनकांनी शून्य हा क्रमांक दिला आहे, हेही त्यानेच सांगितलं. जनक प्रामाणिक असावेत.

उभारणी आठवडाभर चालली. घरातलं सर्वात वेगवान यंत्र सुरू व्हायला एक फ्लॉपी मागत होतं. तिच्यासाठी माळा उपसला, माळ्यावरून मी शिंकत खाली आले, शेवटी शेजाऱ्यांकडून मागून आणली. मग पडद्यावर लाल अक्षरांत इशारा आला, की यापुढे जे जाईल ते जाईल. मुलाने तो न वाचता 'हो' म्हटलं. (असे इशारे वाचत बसलं तर वेग कसा येणार?)

वेग मात्र आला, खोटं कशाला बोलू? कॅसेटींवरून कॉम्प्युटरवर घेतलेलं यांचं खोकणं पापणी लवायच्या आत सुरू होई. वाचलेला सगळा वेळ मुलगा वेग मोजण्यात घालवी, म्हणजे जमाखर्च बरोबर जुळे. मोजणीचा आलेख छापून त्याने भिंतीवर लावला. तिथे आधी यांचा फोटो होता.

पुढे मी दात दाखवायला गेले असताना त्याने कपाट आवरलं. कॅसेटी भंगारवाल्याला दिल्या. डिस्कची रिकामी खोकी जपून ठेवली, कारण त्यांवर वॉरंटी होती.

पावसाळा संपता संपता कॉम्प्युटरमधून टकटक येऊ लागली. सून म्हणाली, "अहो, हे काहीतरी वाजतंय." तो म्हणाला, "काम करतोय तो." दुसऱ्या दिवशी काम संपलं.

दुरुस्तीवाल्याने दोन्ही डिस्क तपासल्या. "ही गेली, आतून पार खरवडली गेलीय. ही मात्र ठणठणीत आहे."

"मग हिच्यातलं ऐकवा," मी म्हटलं.

"मावशी, हिच्यात नुसते एकाआड एक तुकडे आहेत. त्याचं काही होत नाही."

म्हणजे माझा नवरा निम्मा शाबूत होता, फक्त ऐकू येत नव्हता. मुलगा म्हणाला, "वेग तर मिळाला होता ना?" आणि या अनुभवातून धडा घेऊन त्याने पुढच्या खेपेला चार डिस्क आणल्या. पद्धत तीच.

कॅसेटी कॉम्प्युटरवर घेता घेता यांच्या जुन्या टेपरेकॉर्डरचं झाकण अडकलं होतं, आणि आत एक कॅसेट. मुलाच्या हातून ती तेवढी सुटली. मी चमच्याच्या दांड्याने झाकण उचकटलं. आधी खरखर, मग हे म्हणाले, "हॅलो, हॅलो. चालू आहे का गं हे?" त्यावर माझा आवाज, "मला काय विचारता? यंत्र तुमचं." पुढे बाजू संपेपर्यंत नळ गळतोय.

मुलगा आता विभागप्रमुख आहे. सुरक्षिततेवर व्याख्यानं देतो. सून फोटो कागदावर छापून डब्यात घालते आणि डबा कुठे ठेवला ते त्याला सांगत नाही. दुरुस्तीवाला मोबाइलची कव्हरं विकतो. डिस्कच्या कंपनीने वॉरंटीचा शब्द पाळला. तिने मेलेली परत न मागता तिच्या जागी नवी, कोरी डिस्क धाडली. मेलेलीची चकचकीत तबकडी मुलगा चहाच्या कपाखाली ठेवतो. ठणठणीत डिस्क माझ्या कपाटात आहे. मी रोज दुपारी नळ ऐकते.

तुम्ही हसलात, ते ठीकच आहे. तुमचं तसं नाही. तुमच्या माणसांचे फोटो, आवाज कुठे आहेत असं विचारलं, की तुम्ही फोन खिशात टाकता, 'क्लाउडवर' म्हणता आणि बोट वर, आभाळाकडे दाखवता. आमच्या वेळी असं बोट वर करून आम्ही फक्त गेलेल्या माणसांचा पत्ता सांगायचो.