जर्मनीहून आणलेला उकिरडा

स्वच्छता हे प्रगत शहराचे पहिले लक्षण असून, स्वच्छता करण्यासाठी आधी पुरेसा कचरा असावा लागतो. यातला दुसरा भाग आपल्याकडे कोणी शिकवत नाही. तो शिकायला मला पश्चिम जर्मनीत जावे लागले.

१९८३ साली मी, म्हणजे भंडारा जिल्ह्यातल्या एका लहानशा नगरपालिकेचा आरोग्य निरीक्षक धनीराम, तिकडच्या एका शहराच्या सफाई खात्यात वर्षभर कामाला होतो. (निवड माझी झाली, कारण इंग्रजी येणारा मी एकटाच होतो. तिकडे लोक जर्मन बोलतात हे उतरल्यावर कळले.) पर्यावरणाविषयी तिथल्या पालिकेची तळमळ पाहून मी थक्क झालो. पांढऱ्या, हिरव्या आणि तपकिरी बाटल्यांना वेगवेगळी पिंपे. रद्दी निराळी. भाजीची साले, उरलेले अन्न, झाडांची पाने यांना झाकणाचा खास डबा. तो पालिकेची गाडी नेई, मोठ्या खड्ड्यात ओती, आणि काही महिन्यांनी त्याचे काळेभोर खत होई. तिथले अभियंते ते खत ओंजळीत घेऊन हुंगत. मीही हुंगले. मला तर भरून आले.

परतल्यावर हीच योजना मी गावात राबवली. बाजार चौकात तीन रंगांची तीन पिंपे ठेवली. त्यांत एकही बाटली पडली नाही, कारण आमच्याकडे धड बाटली रॉकेलला लागते आणि फुटकी भंगारवाला नेतो. रद्दी किराणा दुकानात जाते आणि पुडी होऊन घरी येते. आठवड्याच्या आत पिंपेही दिसेनाशी झाली. धान साठवायला ती फार सोयीची होती. (अहवालात मी ‘पुनर्वापर : शंभर टक्के’ असे लिहिले. ते खोटे नव्हते.)

राहिला ओला कचरा. तो गल्लीत एकाच ठिकाणी सापडला : शेजारच्या चंद्रभागाकाकींच्या परसातल्या खड्ड्यात. शेण, राख, भाजीचे देठ, कोंडा, सगळे काकी त्यात टाकत. उन्हाळ्यात ते खत बैलबंडीने त्यांच्या एकुलत्या एका बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, जाई. काकींच्या घरात वर्षभर भात शिजायचा तो त्या बांधीच्या भरवशावर. मी त्यांना खड्डा बुजवण्याची नोटीस दिली.

“काहून रे बाबू? गंधावून राह्यला का?”

“नाही काकी. पण हे शास्त्राले धरून नाही.”

“मंग जर्मनीत कसं करतेत?”

“तिथं सालं, पानं खड्ड्यात टाकतेत. कुजलं का खत होते. मंग ते वावरात नेतेत.”

काकींनी खड्ड्याकडे बोट केले. “अन् मी काय करून राह्यली मंग?”

प्रश्न तांत्रिक होता. “काकी,” मी म्हणालो, “तुमच्या खड्ड्याले झाकण नाही.”

त्या भांडतील असे वाटले होते. मी तयारीने गेलो होतो. पण त्यांनी मान डोलावली. “तू तिकडून शिकून आला. मले काय समजते?” दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच फावडे घेतले आणि खड्डा बुजवला. विमानात बसून आलेला पोरगा खोटं कायले बोलन, असे त्या येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होत्या.

मग पालिकेने गावाबाहेर आदर्श खड्डा बांधला. सिमेंटचा. त्याला झाकण, झाकणाला कुलूप. काकींचे शेण ट्रॅक्टरने तिथे जाऊ लागले. खत अप्रतिम झाले. फक्त ते कोणाला द्यावे याचा ठराव सभेपुढे यायचा असल्याने झाकण उघडता आले नाही, आणि तेवढ्यात धानाची रोवणी उरकली.

त्या वर्षी काकींच्या बांधीतले धान पिवळे पडले, लोंब्या पोचट निघाल्या. बांधावर उभ्या राहून त्यांनी मला अगदी विश्वासाने विचारले, “बाबू, जर्मनीत धान कसं पिकते?”

“तिथं धान होत नाही, काकी,” मी म्हणालो. मला फार लाज वाटली.

हा सगळा मजकूर मी पहिल्यांदा लिहिला तेव्हा त्यात फक्त काकी होत्या आणि त्यांची खत करण्याची रीत होती. तीन मासिकांनी तो साभार परत केला. मग मी जर्मनी पुढे आणली आणि काकींना चौथ्या परिच्छेदापर्यंत दाराबाहेर थांबवले. तेव्हा कुठे तुम्ही वाचायला बसलात.