शेवटची बाटली आणि बार्नाबेंचं टक्कल

सिफ्रेंचं ठाम मत होतं की लॅव्हेंडरच्या तेलाने बरा न होणारा रोग जगात एकच आहे, आणि तो म्हणजे लॅव्हेंडरच्या तेलावर विश्वास नसणं!

गांधीलमाशी चावली? दोन थेंब. हात पोळला? चार थेंब. झोप येत नाही? उशीवर एक. लोकरीला कसर, कुत्र्याला गोचिडी, सासऱ्यांना राग, सगळ्यावर तेच. आणि तेल कुठलं? तर बाराशे मीटर उंचीवरच्या त्याच्या स्वतःच्या शेतातलं, अस्सल. खाली मैदानात लॅव्हेंडिन होतं, लॅव्हेंडरची संकरित बहीण. तेल देते घागरभर, पण वास घेतला की कापराची चपराक बसते. ते फरशी पुसायला!

आज सिफ्रेंच्या पिकाची पहिलीवहिली परीक्षा होती. ग्रास या अत्तरांच्या गावातल्या कारखान्यातून मादाम कोर्देल यायच्या होत्या. त्यांचा हुद्दाच 'नाक'. नाकाने पसंत केलं तर तेल अत्तरात, नाहीतर साबणात. तेलाचे ड्रम तेल गाळायच्या सहकारी भट्टीत सीलबंद होते आणि नाकाने होकार दिल्याशिवाय सील तुटत नसे. घरचं जुनं तेल संपलं होतं; होती फक्त नमुन्याची एक चिमुकली बाटली.

"या बाटलीला कुणी हात लावायचा नाही!" सिफ्रेंने सकाळी बजावलं आणि अंगणातला द्राक्षमांडव झाडायला घेतला.

पाचव्या मिनिटाला त्याला गांधीलमाशी चावली.

"दोनच थेंब," तो स्वतःला म्हणाला. बोट मोठं होतं, म्हणून सहा घेतले.

मग त्याची बायको रोझलीन ओव्हनमधून वांग्याचं भांडं काढताना किंचाळली. तळहात लालबुंद!

"तेल दे!"

"अगं, ते नमुन्याचं..."

"माझ्या हातापेक्षा त्या बाईचं नाक मोठं आहे का तुला?"

या प्रश्नाला नवऱ्याने द्यायचं उत्तर जगात एकच असतं. त्याने बाटली दिली.

अकराला मादामची गाडी वळणावर दिसली. सिफ्रेंने बाटली उजेडात धरली. कोरडी ठणठणीत! तेवढ्यात आतून सासरे, बार्नाबे, डुलत आले. डोक्यावर लोकरी टोपी.

"बाबा! तेल कुठे गेलं?"

"अहो जावईबापू, काल पेतांकचे गोळे खेळायच्या मैदानावर टोपी विसरलो नि उन्हातच झोपलो. डोक्याचा टोमॅटो झाला बघा! तुम्हीच म्हणता ना, भाजल्यावर लॅव्हेंडर?"

"चार थेंब म्हणतो मी! चार!"

"हो, पण डोकं केवढं!"

दारावर टकटक झाली. सिफ्रेंची बुद्धी चरायला गेली असावी, कारण त्याने फरशी पुसायचं लॅव्हेंडिन बाटलीत ओतलं. मादाम आत आल्या, बसल्या, कागदाची पट्टी त्यात बुडवून नाकाशी नेली आणि शांतपणे म्हणाल्या, "फरशी छान निघत असेल यानं."

सिफ्रेंने मान खाली घातली आणि सगळं कबूल केलं. वर्षभराची मेहनत आता साबणात जाणार!

"अस्सल तेल अजिबात उरलं नाही?" मादामनी विचारलं.

"उरलंय, पण... अंगावर."

मादाम तेवीस वर्षं वास घेत होत्या, पण कुणाच्या अंगावरचा नमुना हा पहिलाच. त्यांनी सिफ्रेंचं बोट हुंगलं. लसूण! त्याने मघाशीच जेवणासाठी लसणाची एओली चटणी घोटली होती. रोझलीनचा हात हुंगला. त्याच जेवणाचे नुसते खारे मासे!

मग तिघांची नजर एकाच ठिकाणी गेली.

"टोपी काढा, बाबा," रोझलीन म्हणाली.

"बायकांसमोर?"

"काढा!"

मादामनी कोरी पट्टी बार्नाबेंच्या टकलावरून हळूच ओढली. नाकाशी नेली. डोळे मिटले. घरात माशीसुद्धा थांबली.

"उंचावरचं," त्या पुटपुटल्या. "हजाराच्या वर. उत्तरेचा उतार. कापूर नाहीच. सुरेख!"

सिफ्रेंच्या जिवात जीव आला.

"आणि त्याच्याखाली..." मादामनी पुन्हा हुंगलं. "काहीतरी उबदार. लोकर? तंबाखू? जुनं मेंढीचं चीज? असं लॅव्हेंडर मी आजवर कधी पाहिलं नाही!"

"वीस वर्षांची टोपी आहे," बार्नाबे अभिमानाने म्हणाले. सिफ्रेंने त्यांच्या पायावर पाय दिला.

"सगळे ड्रम घेते," मादाम उठल्या. "अट एकच. माल तंतोतंत या नमुन्यासारखा हवा. सील आजच तोडा, गुरुवारी मी स्वतः येऊन वास घेईन."

गाडी धूळ उडवत गेली. रोझलीनने नवऱ्याला मिठी मारली. बार्नाबेंनी टोपी पुन्हा चढवली. सिफ्रें मात्र बोटांवर काहीतरी मोजत होता. ड्रम चार, प्रत्येकी पन्नास लिटर. टक्कल एक. मुदत तीन दिवस.

शेवटी त्याने सासऱ्यांकडे पाहिलं, वरपासून खालपर्यंत, अगदी मापं घेतल्यासारखं.

"बाबा," तो मऊ आवाजात म्हणाला, "तुम्हाला पोहता येतं का हो?"