गुंडूअण्णांची खोळ

गुंडूअण्णा तोडकरांची मान शनिवारी सकाळी गिरणीत अडकली. पट्ट्यात नव्हे, धडावरच, जागच्या जागी. कुणीतरी गव्हाचा डबा ज्वारीच्या रांगेत ठेवला होता. "ह्यो डबा कुणाच्या बापाचाऽऽ?" अशी हाळी द्यायला अण्णांनी मान उजवीकडे फिरवली आणि ती तिकडेच राहिली. उजवा खांदा वर चढला तो कानाला जाऊन चिकटला.

साधी माणसं अशा वेळी बाम चोळून पडून राहतात. पण सोमवारी मोर्चा होता.

अण्णांच्या वस्तीला, चिंचेच्या तिकटीला, बावीस वर्षं दिवसाआड पाऊण तास पाणी येत होतं. पाणी कसलं, करंगळीएवढी धार. वरच्या कॉलनीत माणसं पाइपानं मोटारी धुवायची, कुत्री धुवायची, काही नाही सापडलं तर रस्ता धुवायची. तिकटीवर एका बादलीत पोरगं धुवायचं आणि त्याच पाण्यात फरशी. हे सगळ्यांना माहीत होतं. पाणीकचेरीला तर सगळ्यात जास्त माहीत होतं. म्हणून दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी अण्णा मोर्चा न्यायचे आणि ओरडायचे. गिरणीच्या घरघरीवर मात करून कमावलेला आवाज तो. अण्णा ओरडले की कचेरीतल्या कपाटांच्या काचा वाजत.

"मान उजवीकडं आणि साहेबाची खुर्ची डावीकडं," तिकटीच्या पाणी समितीचा चिटणीस राजवर्धन डोकं खाजवत म्हणाला. घोषणा तो लिहायचा, अण्णा द्यायचे. "भिंतीकडं बघून वरडणार व्हय अण्णा?"

"खुर्ची हलवा म्हणावं त्येला!" अण्णा भिंतीकडे बघून ओरडले.

शेवटी अल्ताफ नदाफ मध्ये पडला. तिकटीवर त्याचं गाद्यांचं दुकान. शाळेपासून त्याची आणि अण्णांची अरे-तुरे.

"माझ्या पोरीकडं चल. दुकानाच्या वर दवाखाना काढलाय तिनं."

"सुई टोचती?"

"न्हाय."

"गोळ्या?"

"न्हाय."

"मग करती काय?"

"हात लावती."

"हात तर शालूबी लावती की," अण्णा म्हणाले. मागे डबे लावत असलेल्या त्यांच्या पत्नी शालूबाई काहीतरी बोलल्या. गिरणी चालू होती.

रविवारी सकाळी अण्णा जिना चढले. अल्ताफची पोरगी सदफ बंगळूरला शिकून आलेली. बारीक चणीची, पण मनगटं बापाची. तिनं अण्णांना भिंतीपुढे उभं केलं आणि त्यांच्याभोवती एक फेरी मारली, बैल बघायला आल्यासारखी.

"काका, नुस्तं उभं ऱ्हावा. वरडायचं न्हाय."

"मी कुठं वरडालोय!" अण्णा ओरडले. खाली दुकानात गादी बघायला आलेलं गिऱ्हाईक बाहेर येऊन वर बघू लागलं.

"अब्बांची गादी बघितलाय न्हवं?" सदफ शांतपणे म्हणाली. "कापूस कितीबी पिंजा, खोळ एका अंगाला आवळली तर गादी वाकडीच. माणसाच्या आतबी एक खोळ असती. टाळूपासनं टाचंपतोर, सलग. लोकं नुस्ता कापूस चोळत बसत्यात. मी खोळ सोडवते. तुमची खांद्यापाशी आवळलीय, पर ताण पार कमरंपतोर गेलाय."

"मग सोडव की. उद्या मोर्चा हाय."

अण्णा पालथे झोपले. सदफनं खांद्याच्या फऱ्यावर कोपरापासूनचा हात टेकवला आणि ती थांबली. चोळणं नाही, चेपणं नाही. एक मिनिट गेलं, दोन गेली. पोरगी उभ्या उभ्या झोपली काय, असं अण्णांच्या मनात आलं. ओरडून विचारावं म्हणून त्यांनी छातीत श्वास भरला, आणि तेवढ्यात आत काहीतरी सरकलं. ओल्या मातीत बोट रुतावं तसं. हात हलत नव्हता, पण कातडीखालचं काहीतरी त्या हाताच्या मागं मागं हळूहळू चाललं होतं. बोलावलेल्या लेकरासारखं, आढेवेढे घेत.

खाली अल्ताफचं पिंजायचं यंत्र सुरू झालं. त्याची घरघर फरशीतून, टेबलातून, हाडातून वर आली. मग ती घरघर पांढरी झाली. अण्णांना दिसलं, की आपल्या पाठीची शिवण कुणीतरी उसवलीय आणि कापूस उडतोय. एकेक पुंजका म्हणजे एकेक जुनी घोषणा. 'पाणी आमच्या हक्काचं' खिडकीतून बाहेर गेली. तिच्यामागं 'जागे व्हा' गेली, डोळे चोळत. सगळ्या तिकटीवरून तरंगत चालल्या, कौलांवरून, गुऱ्हाळाच्या धुरासारख्या, आणि पंचगंगेच्या पाण्यावर एकेक करून टेकल्या. ओल्या झाल्या. आवाज मात्र कुणी केला नाही.

"काका. उठा. झालं."

अण्णा उठले. मान इकडे वळली, तिकडे वळली. जमीन रोजच्यापेक्षा वीतभर खाली वाटली.

"दोन दिवस जरा सैल वाटंल," सदफ म्हणाली. "पाणी प्या, झोपा. भांडू नका."

"बरं," अण्णा म्हणाले. आणि जिन्याच्या मधल्या पायरीवर थबकले. आयुष्यात पहिल्यांदा ते कुणाला तरी 'बरं' म्हणाले होते.

खरा घोळ दुपारी कळला. पलीकडच्या बोळातल्या सोनूबाई पिठाचा डबा आपटत आल्या. "अण्णा, पीठ भरड आलंय!"

यावर अण्णांचं ठरलेलं उत्तर होतं. 'पीठ भरड न्हाय, तुझी जीभ भरड हाय.' मग सोनूबाई त्यांचं कूळ काढायच्या, अण्णा त्यांचं माहेर काढायचे, आणि दोघंही ताजेतवाने होऊन घरी जायचे.

"आलं असंल," अण्णा म्हणाले. "दे, परत दळतो."

सोनूबाई थोडा वेळ थांबल्या. अजून काही येतंय का, वाट बघितली. मग डबा तिथंच टाकून आत गेल्या. "शालूबाई, अण्णांस्नी काय तरी झालंय गं. थोरल्या दवाखान्यात न्या."

राजवर्धन धावत आला. त्यानं नवी घोषणा म्हणून दाखवली आणि अण्णांना म्हणायला लावली. अण्णांच्या तोंडून ती अंगाईसारखी आली. पाळण्यातलं पोर असतं तर झोपलं असतं. राजवर्धन तसाच सदफचा जिना चढला.

"ताई, एका दिसापुरतं परत आवळून द्या की."

"मला सोडवायचं शिकवलंय," सदफ म्हणाली. "आवळायचं काम तुमी लोकं घरातच करतायसा."

सोमवारी अकराला मोर्चा निघाला. चाळीस बायका, प्लॅस्टिकच्या रिकाम्या घागरी, पुढे अण्णा. घोषणा राजवर्धननं दिल्या, पण त्याचा आवाज म्हणजे सायकलची घंटी. अण्णा मात्र झाडं बघत चालले होते. या रस्त्याला एवढी झाडं आहेत हे त्यांना आजच कळत होतं.

कचेरीत सगळी तयारी होती. मोर्चाचाही एक रिवाज असतो. आधी घोषणा. मग शिष्टमंडळ आत. अण्णांनी टेबलावर मूठ आपटायची, साहेबांनी 'बसा, बसा' म्हणायचं, अण्णांनी बसायचं नाही. मग निवेदन, फोटो. मग इशारा: 'आठ दिवसांत पाणी आलं न्हाय तर कचेरीला टाळं ठोकू!' आणि मग चहा. मोर्चाचा इशारा म्हणजे लग्नातल्या अक्षता. त्या पडल्याशिवाय कुणी उठत नाही, आणि पडल्या की कुणी थांबत नाही.

साहेबांनी टेबलावरची काच आधीच बाजूला काढून ठेवली होती. "या अण्णा. बसा, बसा," ते सवयीनं म्हणाले.

अण्णा बसले.

साहेबांनी राजवर्धनकडे बघितलं. राजवर्धननं छताकडे बघितलं. अण्णांनी सोफ्यावर पाठ टेकली आणि साहेबांना नीट न्याहाळलं. बावीस वर्षांत कुठल्याच साहेबाला त्यांनी असं न्याहाळलं नव्हतं.

"साहेब, तुमचाबी डावा खांदा वर हाय."

"काय?"

"खोळ आवळलीय तुमची," अण्णा मायेनं म्हणाले, आणि त्यांचे डोळे मिटले.

पंखा फिरत होता. खिडकीतून ऊन येऊन फायलींवर पडलं होतं. अण्णांचं घोरणं सुरू झालं. तेही कसं, लांबच्या शेतात मोट चालावी तसं. दाराशी उभ्या असलेल्या बायका आधी खाली बसल्या, मग भिंतीला टेकल्या. दिवसाआड पाण्याच्या धारेला कान लावून झोपणाऱ्या बायका त्या. थंड फरशी, वर पंखा, आणि कुणी हाक मारणारं नाही. अर्ध्या तासात केबिनपासून जिन्यापर्यंत चिंचेची तिकटी झोपली होती. घागरी उशाला घेतल्या होत्या.

"हे काय चाललंय?" साहेब राजवर्धनला कुजबुजत म्हणाले. कुजबुजत का, ते त्यांनाही कळलं नाही. "इशारा द्या आणि जावा की."

"इशारा अण्णाच देत्यात."

"मग तुम्ही द्या आज!"

"मला अधिकार न्हाय साहेब. समितीचा ठराव लागतोय. आणि समिती," राजवर्धननं जिन्याकडे हात केला, "झोपलीय."

साहेबांनी पोलिसांना फोन लावला. "मोर्चा आलाय. होय, आतच. ओरडत नाहीत. नाही, तोडफोड काही नाही. झोपलेत." पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. साहेबांचे कान लाल झाले. "अंगाई म्हणायला नाही हो बोलावत!" त्यांनी फोन ठेवला.

दीड वाजला. साहेबांचा डबा बाहेरच्या खोलीत होता. उंबऱ्यात सोनूबाई आडव्या झोपल्या होत्या. त्यांना ओलांडून जाणं शक्य नव्हतं. बाईमाणसाला ओलांडलं म्हणून उद्या वेगळा मोर्चा आला असता. दोन वाजले. शिपायानं मांडून ठेवलेल्या चहावर साय धरली. ओरडणाऱ्याला काय करायचं ते कचेरीला पाठ होतं. गप बसलेल्याचं करायचं काय, हे कुठल्याच नियमात नव्हतं. साहेब घामाघूम झाले. हा माणूस उठलाच नाही तर? उद्याही? परवाही?

अडीच वाजता त्यांनी पाणी सोडणाऱ्याला फोन लावला. "तिकटीचा व्हॉल्व उघड. पूर्ण. रोज, दोन तास. लेखी? लेखी देतो रे बाबा, तू उघड आधी."

एवढंच होतं ते. एक व्हॉल्व. बावीस वर्षं, आणि एक व्हॉल्व.

दहा मिनिटांत अल्ताफचा फोन आला. राजवर्धननं तो कानापासून लांब धरला, तरी सगळ्यांना ऐकू गेलं. "आलंऽऽ! नळाखाली बादली उलटी व्हायला लागलीय!" झोपलेल्या बायका खडबडून उठल्या. कुणी पदर सावरला, कुणी चप्पल चुकीची घातली, आणि घागरींचा खडखडाट जिन्यावरून खाली गेला. राजवर्धननं सहीशिक्क्याचा कागद खिशात घातला आणि तोही पळाला.

अण्णांना जाग आली तेव्हा केबिनमध्ये दोघंच होते. साहेब डबा खात होते. त्यांनी सगळं सांगितलं.

"पाणी हुतं?" अण्णांनी विचारलं.

"होतं की."

"मग बावीस वर्सं?"

साहेबांनी घास खाली ठेवला. भुकेला माणूस पोट भरलं की खरं बोलतो. "राग मानू नका अण्णा. माझ्या आधीच्या साहेबांनीच सांगून ठेवलं होतं मला. तोडकर येतात, वीस मिनिटं ओरडतात, मोकळे होतात, चहा पिऊन जातात. आम्हाला वाटलं, तुम्हाला तेवढंच पाहिजे असतं."

अण्णा कचेरीच्या बाहेर आले. आता राग येईल म्हणून ते फाटकापाशी थांबले, एसटीची वाट बघावी तसे. आला नाही. ते चालू लागले. ऊन कलतं झालं होतं. तिकटीच्या उतारावर गटारीतून पाण्याचा ओघळ खाली येत होता, स्वच्छ, आणि त्यात चिंचेची पानं फिरत होती. त्या पाण्याच्या उलट्या दिशेनं अण्णा घरापर्यंत गेले, स्वप्नात चालल्यासारखे.

गिरणी बंद होती. शालूबाईंनी घरातलं एकूण एक भांडं भरलं होतं. पिंप, बादल्या, पातेली; चहाचे कपसुद्धा ओळीनं काठोकाठ भरून ठेवले होते. अण्णा पाटावर बसले आणि साहेब जे बोलले ते त्यांनी सगळं बायकोला सांगितलं. हळू आवाजात. घरात इतकं शांत होतं, की नळाचा शेवटचा थेंबही ऐकू आला.

"ठाऊक हुतं मला," शालूबाई म्हणाल्या.

"काय ठाऊक हुतं?"

"तुमी म्होरं टेबलावर मूठ आपटायचासा, आन् मागं त्यो शिपाई च्याचं कप मांडायचा. मोजून. मला दारातनं दिसायचं की. एकडाव गप बसला असतासा तर त्यांचा च्या गार झाला असता आन् डोकं गरम."

अण्णांचा खांदा किंचित वर सरकला. "मग बावीस वर्सांत एकदाबी सांगितलं न्हाईस व्हय मला?"

शालूबाईंनी भरलेला एक कप उचलून त्यांच्या हातात दिला.

"दर मोर्चाला सांगत हुते," त्या म्हणाल्या. "तुमी वरडत हुतासा."