लॉरेटाचा बुधवारचा डाव

मंगळवारी सकाळी पत्त्यांच्या खोलीच्या दारावर एक कागद डकवलेला होता. लॉरेटा हॅस्केलने तो दोनदा वाचला. बुधवारी दुपारी पोकरला आठ माणसं जमली नाहीत, तर खोली काढून घेतली जाईल, असं त्यात सभ्य भाषेत लिहिलं होतं.

नेवाडाच्या वाळवंटातल्या त्या वृद्धांच्या वसाहतीत लॉरेटा सहा वर्षं राहत होती. त्याआधीची एकतीस वर्षं तिने लास व्हेगासच्या कसिनोंमध्ये पोकरचे पत्ते वाटले होते. तिच्या हातात गड्डी आली की आजही लोक बोलणं थांबवून बघत राहायचे. पण खेळायला उरले होते तिघे. ती स्वतः, ट्रक चालवून चालवून कंबरदुखी घेऊन निवृत्त झालेला डेल्बर्ट योकम आणि दातांचा डॉक्टर सॉल फाइनगोल्ड. वसाहतीत पैसे लावायची बंदी होती. त्यामुळे जो जिंकेल त्याने पुढच्या बुधवारी खायला कुठला 'पाय' आणायचा, सफरचंदाचा की चेरीचा, ते ठरवायचं, एवढीच पैज असायची.

ती कागद घेऊन तडक व्यवस्थापकाच्या खोलीत गेली. ब्रेंट टिलरी जेमतेम तिशीचा, स्वभावाने गरीब. वाईट बातमी द्यायची असली की गळ्यातलं ओळखपत्र चाचपायचा.

"मिसेस हॅस्केल, वरून आलंय हो," तो ओळखपत्र चाचपत म्हणाला. "मीच अहवाल पाठवला होता. पोकरची लाट ओसरली, असं लिहिलं होतं मी त्यात. नाचाच्या वर्गाला चोवीस जण येतात. तुम्ही तिघं."

"मी पत्ते वाटायला लागले तेव्हाही लोक हेच म्हणत होते. मग घरोघरी व्हिडिओ गेम आले तेव्हा म्हणाले. मग फोन आले तेव्हा."

"आणि?"

"आणि म्हणणारे गेले. मी अजून पत्ते वाटतेय."

ब्रेंटला हे पटलं असावं, पण पटून उपयोग नव्हता. तो दुसऱ्या दिवशी दोन वाजता मोजायला येणार होता.

बुधवारी बाहेर इतकं ऊन होतं की गाडीचं दार उघडायला लोक स्वयंपाकघरातले जाड हातमोजे घालत होते. लॉरेटाने सकाळपासून अकरा घरं पालथी घातली आणि तिच्या पदरात पडला एक जण, तोही खायच्या 'पाय'ची चौकशी करून "बघतो" म्हणालेला. तो आलाच नाही. दीड वाजता तिघंच टेबलाशी बसले होते.

"शेवटचा डाव आहे, तर नीट खेळू," सॉल म्हणाला.

"तू नीट खेळतोस कधी?" डेल्बर्टने विचारलं.

तेवढ्यात नाचाचा वर्ग भरायचा त्या मोठ्या हॉलमधला एसी बंद पडला. हे त्यांना कळलं ते दार उघडल्यावर. नाचाचा अख्खा वर्ग, चोवीसच्या चोवीस, काउबॉय बूट आणि टोप्यांसकट, घामाने निथळत आत शिरला. पत्त्यांच्या खोलीला स्वतःचा छोटा एसी होता आणि तो चालू होता. सगळ्यांत पुढे विनी ओल्डफादर. वय चौऱ्याऐंशी, अंगकाठी काडीसारखी, पण वर्ग तीच चालवायची.

"बसू का गं इथे? आमच्यातली दोघं आत्ताच भोवळ येऊन खाली बसलीत," तिने विचारलं.

नाही म्हणणार कोण? चारही टेबलं भरली. उरलेले भिंतीला टेकले. माणसं वाढल्यावर तो छोटा एसीही कण्हायला लागला, तेव्हा कुणीतरी कपाटातल्या पत्त्यांच्या गड्ड्या काढल्या आणि सगळ्यांना मूठ मूठ पत्ते दिले. त्यांचा पंखा करून सगळे वारा घ्यायला लागले.

बरोबर दोन वाजता ब्रेंटने दार उघडलं. समोर सत्तावीस माणसं. प्रत्येकाच्या हातात तोंडासमोर धरलेले पत्ते, कपाळावर घाम, आणि दमल्यामुळे कुणाच्याच तोंडून शब्द नाही. ब्रेंटने असा रंगलेला डाव आयुष्यात पाहिला नव्हता. त्याने दारातूनच डोकी मोजली, मग पुन्हा मोजली. व्यत्यय नको म्हणून अलगद दार लावून घेऊन तो गेला.

"काही बोलली का नाहीस?" सॉलने हळूच विचारलं.

"त्याने कुठे काही विचारलं?" लॉरेटा म्हणाली. एकतीस वर्षांची सवय. चेहऱ्यावरची रेष हलली नव्हती.

गुरुवारी नवा कागद लागला. पोकरला मिळालेला प्रचंड प्रतिसाद पाहता पुढच्या बुधवारपासून खेळ मोठ्या हॉलमध्ये होईल. मुख्य कचेरीतून संचालिका मिस प्रूइट स्वतः बघायला येतील. नाचाच्या वर्गाने कृपया पत्त्यांच्या छोट्या खोलीत जावं.

तासाभरात विनी लॉरेटाच्या दारात उभी होती.

"त्या खोलीत चोवीस माणसं गिरकी घेणार? पहिल्या गिरकीला सहा जण दवाखान्यात जातील. आम्ही तुझ्याकडे सावलीला आलो आणि तू आमचं घरच घेतलंस."

लॉरेटाला फार वाईट वाटलं. हूल द्यायची ती पत्ते हातात असताना. पाहुण्यांच्या जिवावर दिलेली हूल तिच्या तत्त्वात बसत नव्हती. ती खरं सांगायला ब्रेंटकडे गेली. तर तो खुर्चीतून उठून पुढे आला.

"मिसेस हॅस्केल, मी वर स्पष्ट लिहिलं, की माझं चुकलं, पोकर संपलेला नाही. मॅडम म्हणाल्या, चूक कबूल करणारा माणूस पहिल्यांदाच भेटला. तीन वर्षांत माझं पहिल्यांदा कौतुक झालं." ओळखपत्राला त्याचा हातही लागला नव्हता. "तुम्ही काही सांगायला आला होता का?"

"हॉलमध्ये खुर्च्या मऊ ठेव," लॉरेटा म्हणाली आणि परत फिरली.

आता एकच वाट होती. ती विनीकडे गेली आणि सगळं सांगून टाकलं. "एक बुधवार तुमची माणसं मला दे. संचालिका बघून जातील, पोराची नोकरी राहील. मग मी स्वतः सांगून हॉल तुम्हाला परत करते."

विनीने विचार केला. "आमच्यात कुणाला खेळता येत नाही. नुसते पत्ते धरून बसायचं का?"

"नाही. लबाडी एकदा झाली तेवढी पुरे. मी शिकवते."

चार दिवस रोज सकाळी शिकवणी झाली. पहिले दोन दिवस डेल्बर्टने डोक्याला हात लावला. कुणाला जोडी आली की तो शेजारच्याला दाखवायचा. एकीने बदामाची राणी फार देखणी आहे म्हणून शेवटपर्यंत टाकलीच नाही. एक जण प्रत्येक हूल दिल्यावर "सॉरी" म्हणायचा.

"लॉरेटा, यांना खेळता येणार नाही," डेल्बर्ट म्हणाला. "ही चांगली माणसं आहेत."

लॉरेटा मात्र चिडली नाही. ती प्रत्येकाच्या मागे उभी राहायची. "पत्ते सगळ्यांनाच वाईट येतात," ती सांगायची. "आपले पत्ते बघून झाले की ठेवून द्या. मग समोरचा बघा. तो पाणी कधी पितो, पाय कधी हलवतो. खेळ तिथे आहे." तिसऱ्या दिवशी टेबलांवर शांतता पसरायला लागली. नवराबायकोसुद्धा, पन्नास वर्षांत पाहिलं नसेल इतकं निरखून एकमेकांकडे बघायला लागले.

विनी काही बोलायची नाही, की विचारायची नाही. नुसती खेळायची.

बुधवारी हॉल भरला. चार टेबलं, त्यात एक रिकामी जागा, तिथे ब्रेंटलाच बसवलं. मिस प्रूइट आल्या, फिरल्या आणि लॉरेटाच्या खुर्चीमागे थांबल्या.

"हे टिकेल असं वाटतं तुम्हाला?" त्यांनी विचारलं.

"मला वाटून काय होतंय, मॅडम? समोरच्याच्या मनात काय चाललंय, हे कळावंसं माणसांना जोवर वाटतंय, तोवर टिकेल."

एवढ्यात समोर बसलेल्या विनीने पैशांऐवजी लावायच्या आपल्या सगळ्या प्लास्टिकच्या चकत्या पुढे सारल्या. लॉरेटाकडे राजांची जोडी होती. तिने विनीकडे पाहिलं. डोळे, मान, बोटं, श्वास. काहीही नाही. भिंत वाचावी तसं. लॉरेटाने पत्ते टाकून दिले. विनीने चकत्या ओढून घेतल्या आणि सहज आपले पत्ते उलटे केले. किलवरची सत्ती आणि चौकटची दुर्री. म्हणजे शून्य.

पुढच्याच डावात विनीने पुन्हा सगळं पुढे सारलं. तोच चेहरा. या वेळी लॉरेटा हटली नाही. तिनेही सगळं लावलं. विनीकडे तीन राण्या निघाल्या.

वीस मिनिटांत लॉरेटा डावाबाहेर होती. एवढ्या लवकर ती कधीच उठली नव्हती.

"हा चेहरा कुठे शिकलीस?" तिने विचारलं.

"चाळीस वर्षं चर्चमध्ये ऑर्गन वाजवला," विनी म्हणाली. "पाळकाच्या शेजारी, सगळ्या लोकांसमोर बसून प्रवचनं ऐकायची. सात पाळक झाले."

लॉरेटाने खुर्ची मागे सरकवली आणि तिच्याशी हात मिळवला. असा खेळाडू तिने लास व्हेगासमध्येही दोन-तीनदाच पाहिला होता.

चार वाजता मिस प्रूइट खूश होऊन गेल्या. लॉरेटा विनीजवळ जाऊन म्हणाली, "झालं काम. आता ब्रेंटला सांगते, हॉल तुमचा."

"नाच आता मंगळवारी ठेवू," विनी पत्त्यांवरची नजर न काढता म्हणाली. "आणि जरा बाजूला हो. समोरच्याचा चेहरा दिसत नाही."

लॉरेटा बाजूला झाली. दाराशी पुढच्या बुधवारची यादी टांगली होती, तिथे ती नाव लिहायला गेली. अठ्ठावीसच्या अठ्ठावीस जागा भरल्या होत्या, नुसतं बघायला आलेल्यांनीसुद्धा नावं घातली होती. खाली 'प्रतीक्षेत' अशी ओळ होती. तिच्यात पहिला सॉल, दुसरा डेल्बर्ट. दोघंही तिच्याआधीच हरून उठले होते.

ब्रेंट ओशाळून जवळ आला. "मिसेस हॅस्केल, तुमचं नाव वर घालतो ना. हे सगळं तुमचंच आहे."

"नको. यादी ती यादी," लॉरेटा म्हणाली. तिने तिसऱ्या क्रमांकावर आपलं नाव नीट, मोठ्या अक्षरात लिहिलं. मग थोडा वेळ त्या भरलेल्या हॉलकडे बघत उभी राहिली. तिला फार बरं वाटत होतं. मात्र तिची नजर खिडकीशी थंड चहा पीत बसलेल्या डेल्बर्टवर गेली आणि ती त्याच्या शेजारी जाऊन बसली.

"तुझी कंबर कशी आहे रे? बुधवारी जास्त दुखते ना? यादीतून नाव काढून विश्रांती घे हवं तर."

"आता अजिबात नाही," डेल्बर्ट म्हणाला आणि त्याने चेहऱ्यावरची रेषही हलू दिली नाही.