अठरावी वाट

वासुभाऊंना चहा दिला की ते आभार मानत नाहीत. कप खाली ठेवतात, बोट वर करतात आणि जाहीर करतात, "ध्यानात राहीन." साखर कमी पडली तरी हेच, फक्त आवाज जड.

जळगाव जामोदच्या आमच्या शाळेत ते प्रयोगशाळा सहायक आहेत आणि मी कार्यालय सांभाळते. प्रत्येकाच्या कामांची यादी माझ्याकडे असते. वासुभाऊंच्या नावापुढे सहा कामं बाकी आहेत. त्यातलं पहिलं, फुटलेल्या परीक्षानळ्यांची मोजणी, दिवाळीच्या आधीचं. कारण वासुभाऊ मोबाईलवर खेळत असतात.

खेळही धड नाही. ना गाड्या, ना गोळीबार. एक राजपुत्र हरवलेल्या बहिणीला शोधायला निघतो, ती गोष्ट पाच भागांत. मध्येमध्ये कोणी, समजा एखादी म्हातारी, काही विचारतं, खाली तीन उत्तरं येतात, आपण एकावर बोट ठेवायचं. मग पडद्यावर अक्षरं उमटतात, 'म्हातारीच्या हे लक्षात राहील.' पुढच्या भागात ती म्हातारी त्याप्रमाणे दार उघडते किंवा लावून घेते. सत्तावन्न वर्षांचा माणूस यात डोळे फोडतो.

बरं, राजपुत्राविषयीही त्यांना काडीचं प्रेम नाही. "हिरो नुसता चालते, मॅडम," ते मला समजावतात. "गोष्ट हालवते ते बाकीचे. म्हातारी, पहारेकरी, नावाडी. हिरोले कोन पुसते?" हा सिद्धांत त्यांनी शाळेलाही लावला. मुख्याध्यापक म्हणजे हिरो, शाळा चालवतो तो घंटा देणारा. हे त्यांनी मुख्याध्यापकांसमोरच सांगितलं. मुख्याध्यापकांच्या ते ध्यानात राहिलं.

गेले चार महिने ते चौथ्या भागात अडकले आहेत. दुसऱ्या भागात शेकोटीजवळ बसलेल्या नावाड्याला त्यांनी 'ऊठ इथून' हे उत्तर निवडून हाकललं होतं. चौथ्या भागात नदी आडवी येते आणि नावाडी काही होडी आणत नाही. खेळ पहिल्यापासून सुरू करायचा आणि त्याला हाकलायचंच नाही, इतकं मलाही कळतं. मी तसं सांगितलं.

"तसं चालत नाई," ते म्हणाले. "उठवलं ते उठवलं."

मग त्याला मनवायच्या वाटा सुरू झाल्या. विनवणी करून पाहिली, सोनं देऊ केलं, पहारेकऱ्याकडून निरोप धाडला. सगळं एका वहीत, आकडे घालून, पट्टीनं ओळी मारून. इतकी नीटनेटकी वही मी शाळेत दुसरी पाहिली नाही. तिच्यातली दोन पानं परीक्षानळ्यांना मिळाली असती तर माझी यादी एका ओळीनं कमी झाली असती.

शाळेच्या तपासणीला चार दिवस उरले तेव्हा मी प्रयोगशाळेत गेले. टेबलावर वही उघडी, हातात मोबाईल. माझा संयम संपला.

"वासुभाऊ, हा नावाडी तुमचा कोण लागतो हो?"

ते उठले. गळत नसलेला नळ त्यांनी पुन्हा एकदा घट्ट बंद केला.

"लहाना भाऊ बी असाच उठून गेलता," ते म्हणाले. "घराच्या वास्तुशांतीले. पंगतीत बोलला, दादा, बुंदी कमी पडून राह्यली. चारचौघात बोलला म्हनून मी त्याले भरल्या ताटावरून उठवलं. नऊ वर्स झाले. देऊळगाव राजाले राह्यते."

"फोन केला का कधी?"

"काऊन उचलीन तो?"

मी वही जवळ ओढली. सतरा वाटा होत्या. प्रत्येकीच्या शेवटी एकच शेरा, 'आला नाही.' खाली अठराचा आकडा घातलेला, पुढे काही नाही.

"आणि ही अठरावी?"

"आपूनच त्याच्या घरी जायची. पन खेळात तसं उत्तरच देल्लं नाई."

"खेळात नसेल. एसटीत आहे," मी म्हटलं आणि यादीत त्यांच्या नावापुढे सातवं काम लिहिलं.

शनिवारी सकाळी मी स्वतः स्टँडवर गेले. या माणसाचा भरवसा नाही. ते आले होते, इस्त्रीचा शर्ट घालून. हातातल्या पिशवीत दोन किलो बुंदी.

"बुलढाण्याला गाडी बदला. मोबाईलकडे बघत बसू नका."

ते पायरीवर चढले आणि वळले. "मॅडम, त्यानं दार नाई उघडलं तं?"

"ओट्यावर बसा."

"अन् वापस यायची गाडी?"

परतीच्या गाड्या मी शनिवार-रविवार दोन्ही दिवसांच्या लिहून आणल्या होत्या. त्यांना फक्त रविवारची सांगितली.