दुनळीचा दुसरा बार

“माझी बुद्धी इतकी धारदार आहे, की मी ती सहसा बाहेर काढत नाही,” असं आमचे भावोजी स्वतःबद्दल सांगतात. यातल्या उत्तरार्धाबद्दल घरात कुणाचंच दुमत नाही. ते स्वतःला गुप्तहेर म्हणवतात. मी त्यांचा मेहुणा, म्हणजे बिनपगारी मदतनीस.

त्या सकाळी नेमबाजी क्लबात प्रकरण पेटलं होतं. तिथे मातीच्या दोन तबकड्या एकदम हवेत उडतात. दुनळी बंदुकीच्या एका नळीने एक फोडायची, दुसरीने दुसरी. आमच्या दंतवैद्यांची पहिली फुटत होती आणि दुसरी सुखरूप गवतात उतरत होती. चाप दुसऱ्यांदा ओढला, तरी बार उडतच नव्हता. दुपारी अंतिम फेरी होती, आणि बंदूक नुकतीच क्लबच्या मिस्त्रीने साफ केलेली.

“आज दुसरा बार उडाला नाही, तर उद्यापासून हा मिस्त्री नको!” दंतवैद्यांनी सेक्रेटरींना बजावलं.

मिस्त्री पुन्हा बंदूक उघडून बसला. “साहेब, बिघाड नाहीच हो यात.”

“बिघाड नाही, म्हणजे घातपात!” भावोजी खूश झाले. त्यांनी रिकाम्या नळीत डोकावून आत अंधार असल्याचं जाहीर केलं.

“भावोजी, पुढचं टोक तुमच्याच तळव्याने झाकलंय.”

“प्रयोग होता तो.”

मग संशय प्रतिस्पर्ध्यावर गेला : लोहचुंबक लावलं असणार! प्रतिस्पर्धी म्हणजे एक आजी. त्यांच्या पिशवीत विणकाम सापडलं. भावोजींनी सुया जप्त केल्या आणि आजींनी डोळे वटारताच अदबीने परत केल्या.

“मग दुसरी तबकडी जास्त भाजलेली असणार.”

“अहो, पण बारच उडत नाहीये ना!”

“म्हणून तर तबकडीवर कुणाला संशय येत नाही.”

एवढ्यात दंतवैद्यांच्या पत्नी पुढे आल्या. “मिस्त्रींना कशाला काढता? बंदुकीला कुणी हात लावलेला नाही. मी फक्त काडतुसं बदलली.”

“तू?” दंतवैद्य ओरडले.

“मग काय करू? खांदा काळानिळा करून येता, रात्रभर विव्हळता, झोप माझी जाते. दुकानदाराला म्हटलं, नवशिक्यांना देता तसली हलकी द्या. तुमच्याच डब्यात भरून ठेवली.”

मिस्त्रीने कपाळावर हात मारला. “वहिनी, या बंदुकीला चाप एकच. पहिल्या बाराचा दणका बसला, की त्याच दणक्याने चाप दुसऱ्या नळीला जोडला जातो. दणकाच नाही, तर दुसरा बार कुठला?”

“प्रकरण सुटलं,” भावोजींनी सगळ्यांना कळवलं.

दुपारी दणकट काडतुसं भरली. धडाम, धडाम! दोन्ही तबकड्यांचा चुरा. दंतवैद्यांनी चारचौघांत मिस्त्रीची माफी मागितली, सेक्रेटरींनी त्याचं काम पक्कं केलं, आणि भावोजींनी आनंदाच्या भरात दंतवैद्यांच्या उजव्या खांद्यावर सणसणीत थाप मारली.

तिसरा बार फाटकापर्यंत ऐकू गेला.