घोरणे समाधानकारक

श्वास ही प्रत्येकाची खाजगी बाब असली, तरी कार्यालयीन वेळेत तो अडल्यास जबाबदारी कार्यालयाची असते. या उदात्त विचारातून आमच्याकडे प्रथमोपचार समिती जन्माला आली. सदस्य नऊ. (श्वास सर्वांचे नियमित.) प्रशिक्षणही झालं. हजेरीपटावर बेचाळीस सह्या. खोलीत मात्र कपबश्या गोळा करायला आलेल्या चहावाल्या मावशी तेवढ्या. श्रोता एकच म्हणून शिकवणाऱ्याने सगळं दोनदा सांगितलं आणि सरावासाठी स्वतःच आडवा झाला.

राहिलं होतं भिंतीवर प्रथमोपचाराचा तक्ता लावणं. हात लागून मळू नये म्हणून तो छताजवळ लावायचं ठरलं. हेडक्लार्क स्टुलावर चढले आणि तक्त्यासकट खाली आले. उताणे. डोळे मिटलेले. मग घर्रर्र... घर्रर्र...

सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. जेवणानंतर रोज त्यांचा हाच सूर लागायचा.

"पडल्या पडल्या झोप! नशीबवान माणूस," समितीचे अध्यक्ष म्हणाले.

सचिवांनी नोंद केली: ‘घोरणे समाधानकारक.’ तरी खात्री असावी म्हणून पुस्तिका मागवली. पुस्तिका औषधांच्या पेटीत, पेटीची किल्ली हेडक्लार्कच्या खिशात, आणि खिशात हात घालायला त्यांची परवानगी हवी. ते तर झोपलेले.

घरघर तुटक होऊ लागली. ओठ जांभळे पडले. तेवढ्यात मावशी चहाचा ट्रे घेऊन आल्या.

"अगं बाई! हे घोरणं नाही, जीभ मागे पडलीय! अहो अध्यक्ष, खांबासारखे उभे काय, ॲम्ब्युलन्स बोलवा!"

ट्रे सचिवांच्या हातात कोंबून त्या हेडक्लार्कच्या डोक्यामागे गुडघ्यांवर बसल्या. पडलेल्याची मान दुखावलेली असू शकते, म्हणून डोकं हलू दिलं नाही. दोन्ही कानांखाली जबड्याचे कोपरे बोटांनी धरले, जबडा पुढे उचलला. शिकवलेलं विसरू नये म्हणून मावशींनी त्याचं गाणं करून ठेवलं होतं. तेच पुटपुटत होत्या:

जीभ आळशी पाहुणी, दार अडवून निजे,
जबडा पुढे उचल बाई, वारा आत येऊ दे.

वारा आत आला. ओठांवर रंग परतला. ॲम्ब्युलन्स येईपर्यंत अकरा मिनिटं मावशींनी हात सोडले नाहीत. (चहा निवला. समितीने खेद नोंदवला.)

हेडक्लार्क पंधरवड्याने कामावर आले. "मावशी, तुम्ही होतात म्हणून..." त्यांचा गळा दाटला.

"गळा दाटू देऊ नका, मोठ्या मुश्किलीने मोकळा केलाय," मावशी म्हणाल्या.

समितीचा तत्परतेबद्दल सत्कार झाला. मावशींना, सदस्य नसताना वरिष्ठांचा जबडा हाताळल्याबद्दल, समज देण्यात आली. तक्ता आता आणखी वीतभर वर आहे.

तुम्ही हसलात, बरं वाटलं. आता सांगा, तुमच्या शेजारचा माणूस असा पडला, तर बोटं नेमकी कुठे ठेवाल? वर जाऊन पुन्हा वाचू नका. पुस्तिका शोधायला समितीही निघालीच होती.